पाण्याखालचा रस्ता

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नीरजाबाईंच्या फोनवर एक फोटो आला. नंबर अनोळखी होता. फोटोखाली दोनच वाक्यं होती: ‘मी बरा आहे. शोधू नका.’

फोटोत माणूस कुणीच नव्हतं. कापणी झालेलं भाताचं शेत, त्यामागे निळसर डोंगर, एका अंगाला पिवळा पडत चाललेला साग, आणि खालच्या कोपऱ्यातून निघून शेताच्या कडेने लांब जाणारा अरुंद डांबरी रस्ता. एवढंच. नीरजाबाईंनी ओल्या हातानेच तो नंबर लावला. फोन बंद होता. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशी बंद, आणि पुढे कधीही लावला तरी बंदच.

मिहिर घर सोडून गेला त्याला तेव्हा आठ-नऊ महिने होत आले होते.

टिपणीस मंडळी भिवंडीत पिढ्यानपिढ्या राहिलेली. श्रीनाथराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नीरजाबाई मराठी शाळेतून. मुलगा एकच. तो सीएच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा अडकला होता. तिसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मिहिर आपल्या खोलीतून बाहेरच आला नाही. बाहेर श्रीनाथरावांना कुणा नातेवाइकाचा फोन आला आणि ते जरा मोठ्यानेच म्हणाले, "हो हो, झाला! पास झाला! तुमचे आशीर्वाद!"

फोन ठेवल्यावर नीरजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"पुढच्या खेपेला व्हायचाच आहे," ते म्हणाले. "थोडं आधी सांगितलं, तर कुणाचं काय गेलं?"

मग पेढे आले. आळीत घरोघरी ते नेऊन दिले नीरजाबाईंनीच. पंधरवड्यात दारावर पितळी पाटी लागली: मिहिर श्रीनाथ टिपणीस, चार्टर्ड अकाउंटंट. मिहिर त्या पाटीजवळून मान खाली घालून ये-जा करू लागला. लोक अभिनंदन करायचे, तेव्हा तो ‘थँक्यू’ म्हणायचा. त्या एका शब्दाने पोरगा रोज थोडा थोडा वाळत चाललाय, हे नीरजाबाईंना दिसत होतं. दिसूनही त्या गप्प राहिल्या.

एका रविवारी पलीकडच्या गल्लीतले लूमवाले अन्सारीभाई कागदांची पिशवी घेऊन आले. "बेटा, अपने मोहल्ले में अपना सीए है, तो बाहर क्यूं जाऊं? देख ले, और साइन मार दे."

मिहिरने वडिलांकडे पाहिलं. आता तरी ते खरं काय ते बोलतील, असं त्याला वाटलं असावं.

"बघ ना रे," श्रीनाथराव म्हणाले. "शेजारधर्म आहे."

मिहिरने कागद हातात घेतले, नीट जुळवले, परत पिशवीत ठेवले आणि म्हणाला, "चाचा, मैं फेल हूं. तीनों बार."

अन्सारीभाई गोंधळले. पण श्रीनाथराव मोठ्याने हसत होते. "मजाक करता है! लहानपणापासून असाच आहे." मग अन्सारीभाईही हसले. दोघं चांगलेच हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिहिर पाठीला सॅक लावून बाहेर पडला तो परत आला नाही. त्याच्या मित्रांना काही ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी ते सांगत नव्हते. श्रीनाथरावांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग आळीत सांगायला सुरुवात केली की, मिहिर बंगळुरूला लागला, मोठी कंपनी आहे, सुट्टी मिळत नाही.

फोटो आला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो बघितला आणि म्हणाले, "बघ, बंगळुरूकडचाच भाग दिसतोय." बायकोलाही त्यांनी तेच सांगितलं. नीरजाबाईंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

*

घरात बसवेना म्हणून नीरजाबाईंनी रुचिराच्या चित्रकलेच्या वर्गाला जायला सुरुवात केली होती. रुचिरा तिशीतली. गोकुळनगरातल्या आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ती शनिवार-रविवारी शिकवायची. सगळी मिळून पाच-सहा बायका. दिवाळीनंतर तिने सांगितलं, "आता आपण मिक्स मीडियात निसर्गचित्र करू. रंग, कापड, कागद, वाळू, जे हाताला येईल ते. मात्र समोर रेफरन्स फोटो हवा."

इतर बायकांनी नेटवरून काश्मीर काढलं, केरळ काढलं. नीरजाबाईंनी आपला फोन पुढे केला.

"सुंदर आहे, काकू. कुठलं हे?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. खोटं नव्हतं.

रुचिराने झेरॉक्सवाल्याकडून फोटोची मोठी रंगीत प्रिंट काढून आणली. तिच्यावर पेन्सिलीने चौकोन आखले, आणि तेवढेच चौकोन मोठ्या मापात बोर्डावर. "डोंगर काढायचा नाही, शेत काढायचं नाही," ती म्हणाली. "एका वेळी एकच चौकोन बघायचा आणि त्यात जी रेघ दिसेल ती इकडे उतरवायची. बाकी सगळं विसरायचं."

नीरजाबाईंना हे फार पटलं. फोटो पूर्ण पाहिला की त्या नजर फिरवायच्या. एकेक चौकोन मात्र बघवत होता. त्यांनी बोर्ड घरी आणला आणि गॅलरीच्या दाराशी टेबलावर मांडला. डोंगराला आधी जाडसर टेक्स्चर पेस्ट लावली, ती वाळल्यावर निळा-जांभळा ॲक्रिलिक, त्यावर ऑइल पेस्टल आडवी फिरवून उन्हाची कड. सागाची पानं जुन्या साडीच्या काठातून कातरली. प्रश्न राहिला शेताचा. कापलेल्या भाताचे खुंट ब्रशने काही केल्या साधत नव्हते. शेवटी त्यांनी अन्सारीभाईंच्या कारखान्यातून लूमवर उरलेल्या सुताची गुंतवळ मागवली. अन्सारीभाईंनी पिशवी भरून पाठवली.

पहिले काही दिवस श्रीनाथरावांनी त्या बोर्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका दुपारी ते पेपरातून डोकं काढून म्हणाले, "खुंट फार शिस्तीत लावलेस. शेतात असे नसतात." आणि खुर्ची ओढून जवळ बसले.

दुसऱ्या दिवसापासून सूत सोडवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. कचेरीत फायली लावायचे तसे ते धाग्याचे तुकडे लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत लावून ठेवायचे. नीरजाबाई गोंद लावायच्या, ते चिमट्याने एकेक खुंट उभा करायचे. बाहेर लूमची खटखट चालू असायची. दोघं फारसं बोलत नसत. पण मिहिर गेल्यापासून पहिल्यांदाच नीरजाबाईंना या घरात आपल्यासोबत आणखी कुणी राहतंय असं वाटू लागलं.

एकदा त्यांनी बोर्डाच्या खालच्या कडेशी बोट ठेवलं. बोर्डावर नाही, त्याच्याही खाली, टेबलाच्या लाकडावर.

"तो इथे उभा असणार," ते म्हणाले. "फोटो काढताना. इथेच कुठेतरी."

ते बोट बराच वेळ तिथेच होतं.

*

रस्ता सगळ्यात शेवटी राहिला होता. कोपऱ्यातल्या चौकोनात, रस्त्याच्या कडेच्या गवतात काहीतरी पांढरं दिसत होतं. रुचिराने वर्गात पाहिलं आणि म्हणाली, "प्लास्टिकची पिशवी असेल, काकू. गाळून टाका. फोटोत आहे म्हणून सगळं घ्यायचं नसतं."

पण नीरजाबाईंना गाळवेना. घरी येऊन त्यांनी सुईत दोरा ओवायचं भिंग काढलं आणि प्रिंटवर धरलं. पिशवी नव्हती. मैलाचा दगड होता. अर्धा गवतात बुडालेला. वरच्या बाजूला काळी अक्षरं होती आणि भिंग मागे-पुढे केल्यावर ती जुळली. ‘वज्रे’. पुढचं गवतात.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. वज्रेश्वरी. आता डोंगराकडे पाहिलं, तर तोही ओळखीचा वाटायला लागला. गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर त्यांनी शाळेच्या सहली नेल्या होत्या, हाच डोंगर दुसऱ्या बाजूने पाहिला होता. बंगळुरू नाही, पुणं नाही, कुठे दूर नाही. भिवंडीच्या एसटी स्टँडवरून बसायचं आणि तासा-दीड तासात उतरायचं, इतक्या अंतरावर पोरगा होता.

श्रीनाथराव आत दाढी करत होते. नीरजाबाईंच्या ओठांवर हाक आली आणि तिथेच थांबली. त्यांना पुढचं सगळं डोळ्यांपुढे दिसलं. ते इस्त्रीचा शर्ट घालतील, पेढ्यांचा पुडा घेतील, आणि तिथे उतरल्याबरोबर पहिला जो माणूस भेटेल त्याला सांगतील, मी सीए टिपणीसांचे वडील.

त्यांनी प्रिंटची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "उद्या रुचिराबरोबर आमचा सगळा वर्ग बाहेर चित्रं काढायला जातोय," त्यांनी आतल्या खोलीकडे बघून सांगितलं. खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

*

शेलार मागे पडलं, अंबाडीला बस वळली, आणि दोन्ही बाजूंना गोदामांऐवजी शेतं दिसू लागली. भाताच्या जागी आता वाल शेंगांना आला होता, हिरवागार. नीरजाबाई गणेशपुरीला उतरल्या आणि वज्रेश्वरीच्या दिशेने चालत निघाल्या. दगड सापडायला फार वेळ लागला नाही. त्या तिथे उभ्या राहिल्या. साग जवळजवळ उघडा झाला होता. बाकी सगळं चौकोन चौकोन पाठ होतं.

जवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी फोनमधला मिहिरचा जुना फोटो दाखवला. टपरीवाली म्हणाली, "हा तं आमच्या बाळारामचा पोऱ्या. मोटारीवाला. ते पत्र्याचं दुकान दिसतं ना, तिथं."

शेतीच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं ते दुकान होतं. दारात मिहिर स्टुलावर बसला होता. मांडीवर मोटारीचं उघडं पोट, आणि तो तिच्यात तांब्याची तार भरत होता. दाढी वाढलेली. अंगाने भरला होता. नीरजाबाईंची सावली पुढ्यात पडली तेव्हा त्याने वर पाहिलं. त्यांच्याकडे नाही, त्यांच्या खांद्यावरून मागे, रस्त्याकडे. पोटच्या पोराच्या डोळ्यांत असली भीती त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"बाबा?"

"एकटीच आलेय."

तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. तार बाजूला ठेवली आणि उठून त्यांना धरलं.

आतून बाळाराम आला, पन्नाशीचा, हाताला वॉर्निशचे डाग. "बसा बाय, बसा. पोरगा तुमचा लय बेस काम करतो. येक तार वाकडी जात न्हाय त्याची."

नीरजाबाईंनी चाचरत विचारलं, "तुम्हाला त्याने सांगितलंय का, परीक्षेचं वगैरे?"

"सांगला ना! पयल्याच दिसी सांगला, तीनदा नापास झालो. मी म्हटला, मोटारीला काय तुझा निकाल दावायचा हाय?" आणि बाळाराम खळखळून हसला. मिहिरही हसला. नापास या शब्दावर तो हसू शकत होता.

दुकानामागेच बाळारामचं घर होतं. त्याची बायको शैला हिने चहा दिला, उकडलेल्या वालाच्या शेंगा दिल्या. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली मिहिरची सॅक खुंटीला टांगलेली होती. तीच. नीरजाबाईंनी शेंगा खाल्ल्या, पण चव कळली नाही. मग मायलेक शेताच्या बांधावर जाऊन बसले.

"घरी चल."

"नाही."

"एकदाच ये. बाबा बदललेत रे. सूत काढून देतात मला, चित्रासाठी."

"पाटी काढली?"

नीरजाबाई बांधावरची माती नखाने खरवडू लागल्या.

"आई, इथे मी जो आहे तो आहे," मिहिर म्हणाला. "बाबा आले तर एका दिवसात इथलंही सगळं बदलतील. बाळारामदादांना सांगतील, माझा मुलगा सीए आहे, हवापालट करायला आलाय. आणि इतकं गोड बोलून सांगतील की, मलाच खोटं वाटायला लागेल मी नापास झाल्याचं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं."

"ते तुझी वाट बघतात."

"माझी नाही. त्या पाटीवरच्याची."

नीरजाबाईंनी त्याला ते टेबलावरचं बोट सांगितलं. तो इथे उभा असणार, असं ते म्हणाले होते ते सांगितलं. मिहिर ऐकत राहिला. वालाचं एक पान तोडून त्याने त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

"नको सांगूस त्यांना," तो शेवटी म्हणाला. "सांगितलंस तर मला इथून जावं लागेल. आणि मला हे सोडायचं नाहीये, आई. हे एवढंच आहे जे मला जमलंय."

"मग फोटो कशाला पाठवलास?"

"तू काळजीत असशील म्हणून. वाटलं, शेत ते शेत, कुठलंही असेल. तू त्यातला दगड वाचत बसशील हे काय माहीत मला!"

निघताना त्यांनी प्रिंट त्याच्या हातात दिली. नवा नंबर त्याने दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. इथे मी येत जाईन, एवढंच म्हणाल्या, आणि त्याने मान हलवली.

*

त्या घरी पोचल्या तर श्रीनाथराव दारातच उभे होते. चेहरा उजळलेला.

"नीरजा, हा डोंगर मी पाहिलाय!"

त्यांनी चप्पलही काढू दिली नाही, ओढतच त्यांना चित्रापाशी नेलं. "ही सोंड बघ. पुराच्या वर्षी पंचनाम्याला गेलो होतो, तेव्हा पाहिलीय. गाव आठवत नाही. पण आपल्याच तालुक्यातला आहे, शपथेवर सांगतो. बंगळुरू नाही." आपणच इतके महिने काय सांगत होतो, याचा त्यांना विसर पडला होता. "मोरूला फोन केलाय. उद्या चहाला येतोय."

मोरू म्हणजे त्यांच्याबरोबर कचेरीत असलेला तलाठी. तालुक्यातला बांधन्‌बांध त्याला ठाऊक होता. तो एक नजर टाकेल आणि गाव सांगेल, हे नीरजाबाईंना कळून चुकलं.

"ती प्रिंट कुठाय?"

"वर्गात राहिली."

"मग फोन चार्ज करून ठेव. मोरूला दाखवू."

इतक्या महिन्यांत त्यांचा असा आवाज नीरजाबाईंनी ऐकला नव्हता. रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनाथराव केस कापायला गेले, येताना फरसाण आणतो म्हणाले. दार लागल्याबरोबर नीरजाबाईंनी टेक्स्चर पेस्टचा डबा उघडला. आधी डोंगर. बोथट सुरीने त्यांनी पेस्टचे थर चढवले, सोंड बुजवली, माथा सपाट केला, टिश्यू पेपर चुरगाळून त्यावर चिकटवला आणि राखाडी रंगाने धुकं केलं. मग खालचा कोपरा. दगड, गवत, रस्ता. रस्त्यावरून त्यांनी निळा-करडा रंग आडवा ओढला, पुन्हा ओढला, आणि जिथून मिहिरने फोटो काढला होता तिथून शेताच्या मध्यापर्यंत पाणीच पाणी केलं.

पाणी पसरत गेलं तसे सुताचे खुंट आडवे आले. श्रीनाथरावांनी चिमट्याने एकेक उभा केलेले. नीरजाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी सुरीनेच ते खाली दाबले. काही नुसतेच आडवे झाले, काहींची टोकं पाण्यातून वर राहिली.

फोन उचलला. फोटो उघडला. मिहिरकडून आलेलं एवढंच काय ते होतं घरात. फोनने विचारलं, नक्की पुसायचा? त्यांनी डोळे मिटले नाहीत. बघत बघतच पुसला. त्याखालची दोन वाक्यंही पुसली.

*

मोरू आला, चित्रासमोर उभा राहिला, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे केलं. "श्रीनाथ, हे कुठलं रे? एवढं पाणी कसलं? धरण म्हणावं, तर भिंत नाही. आणि हा डोंगर तर कुठलाही असेल."

श्रीनाथराव चित्राकडे बघत होते. त्यांच्या हातात फरसाणाची बशी होती, ती तशीच राहिली. "फोटो दाखव गं," ते हळूच म्हणाले.

"चुकून पुसला गेला."

त्यांनी नीरजाबाईंकडे पाहिलं. नीरजाबाईंच्या नखांत करडा रंग होता. त्यांनी हात पदराखाली घेतले, पण उशीर झाला होता.

मोरूने चहा घेतला, गुडघेदुखीचं सांगितलं, जाता जाता विचारलं, "मिहिरला करमतं का बंगळुरूला?"

"आहे बरा," श्रीनाथराव म्हणाले. पुढे काहीच जोडलं नाही.

मोरू गेल्यावर त्यांनी चित्रापाशी जाऊन पाण्यावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता. एक धागा बोटाला चिकटून आला.

"तुला सापडला तो."

नीरजाबाईंनी नाही म्हटलं नाही.

"बरा आहे?"

"बरा आहे. अंगाने भरलाय."

"मला सांगू नको म्हणाला?"

नीरजाबाई नखांतला करडा रंग खरवडू लागल्या, आणि तेच उत्तर झालं.

"मी काय एवढा वाईट आहे, नीरजा?"

"वाईट नाही," त्या म्हणाल्या. "पण तो जसा आहे तसा तुम्ही त्याला कधी कुणासमोर येऊ दिलं नाहीत. पेढे मी वाटले. मीही नाही येऊ दिलं."

"त्याच्या भल्यासाठीच केलं ना!" ते एकदम ओरडले. "लोकांनी हसू नये म्हणून! माझा मुलगा आहे तो, मला त्याचा पत्ता नाही, आणि तू माझ्याच घरात बसून तो बुजवतेस?" हाताच्या फटक्याने त्यांनी टेबलावरच्या वाट्या उडवल्या. धाग्याचे तुकडे गॅलरीभर झाले.

नीरजाबाई वाकून गोळा करू लागल्या. "राहू दे," ते म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले. समोरच्या लूमची शिफ्ट बदलली, आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर कितीतरी दिवस ते नीरजाबाईंशी कामापुरतंच बोलत. जेवायला वाढलं, तर जेवत. रुचिराला ते चित्र प्रदर्शनात हवं होतं. घरी येऊन तिने पाहिलं आणि ती गोंधळली. "काकू, एवढं छान चाललं होतं. हे पाणी खोटं वाटतंय. कुठून आलं ते कळत नाही." नीरजाबाईंनी बोर्ड कपाटामागे उभा करून ठेवला. दर पंधरा दिवसांनी त्या ‘वर्गाला’ जायच्या आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायच्या. श्रीनाथराव कुठे गेली होतीस विचारत नसत. दार उघडायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, एवढंच. तेच त्यांना फार जड जायचं. एकदा मिहिर आजारी होता, तापाने फणफणला होता, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी बसमध्येच तोंडावर पाणी मारून घेतलं. तरीही श्रीनाथरावांना कळलंच असावं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

होळीनंतर एका सकाळी, त्या निघायच्या बेतात असताना, ते म्हणाले, "विचार त्याला. मी येऊ का म्हणून. काही बोलणार नाही मी. कुणाला काही सांगणार नाही. नुसता बसेन."

नीरजाबाईंनी मान हलवली.

त्या पोचल्या तेव्हा मिहिर एक मोठी मोटार लावून बघत होता. पत्र्याच्या दुकानात आवाज नुसता घुमत होता. बाळाराम एका हाताने पट्टा धरून होता. नीरजाबाई मिहिरच्या कानाशी वाकल्या आणि जसं श्रीनाथराव म्हणाले होते तसंच, शब्द न बदलता, त्यांनी सांगितलं. मिहिर मोटारीकडेच बघत होता. मग ओठ हलले. त्यांना ‘नको’ ऐकू आलं. त्याआधी तो आणखी काही बोलला होता, की नुसतेच ओठ हलले होते, ते मोटारीच्या आवाजात कळलं नाही. मोटार बंद झाल्यावर त्या पुन्हा विचारू शकल्या असत्या. नाही विचारलं. शैलाने जेवायला बोलावलं आणि त्या गेल्या.

संध्याकाळी श्रीनाथरावांनी दार उघडलं. या वेळी त्यांनी विचारलं.

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला."

ते दाराची कडी हातात धरूनच उभे होते. "नको म्हणाला, की अजून नको म्हणाला?"

नीरजाबाईंनी चपला काढल्या, त्या भिंतीशी सरळ लावल्या. मोटारीचा तो आवाज अजून कानांत होता.

"अजून नको," त्या म्हणाल्या.

श्रीनाथरावांनी मान हलवली, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेले.